एकाच पत्त्यावरून दोन उत्तरे: दूरच्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम कशी ओळखावी

भोसरी एमआयडीसीतील एका कारखान्यात नुकत्याच रुजू झालेल्या नेटवर्क प्रशासकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कारखान्याच्या नेटवर्कवर दोनशेच्या आसपास पत्ते जिवंत दिसतात, पण कोणत्या पत्त्यावर कोणते यंत्र आहे याची नोंदवही आजवर कोणी ठेवलेली नाही. शॉप फ्लोअरच्या विभागातील एका पत्त्याला पिंग केले (जागा आहे का असे विचारले) की उत्तरात टीटीएल (माहितीच्या तुकड्याने, म्हणजे पॅकेटने, वाटेत आणखी किती राउटर ओलांडावेत याची मर्यादा) ६३ येतो, म्हणून ते यंत्र लिनक्सचे असावे असे वाटते. एनमॅप या नेटवर्क तपासणाऱ्या साधनाला ऑपरेटिंग सिस्टीम ओळखायला सांगितले तर तो एकदा जुना लिनक्स म्हणतो, एकदा विंडोज एक्सपी म्हणतो आणि बहुतेक वेळा तंतोतंत जुळणारे काही सापडले नाही असे सांगून टक्केवारीसह पाच-सहा अंदाज पुढे ठेवतो. पत्त्यावर ८० (वेब पानांचा) आणि ४४५ (विंडोजच्या फाइल देवाणघेवाणीचा) हे दोन पोर्ट (सेवांची क्रमांकित दारे) उघडे आहेत. यातले खरे काय मानावे, आणि मुळात यंत्रावर लॉगिन न करता, दुरूनच, त्याची ऑपरेटिंग सिस्टीम किती खात्रीने सांगता येते?

माझे उत्तर आधीच सांगतो आणि मग त्याची कारणे देतो. तुमचे तिन्ही निकाल बहुधा खरे आहेत, कारण त्या एका पत्त्यामागे दोन यंत्रे उभी आहेत. ‘तिथे कोणती ऑपरेटिंग सिस्टीम आहे’ हा प्रश्न आपण फार लवकर विचारतो. त्याआधी ‘हे पॅकेट नेमके कोणी लिहिले’ हे ठरवावे लागते. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात कारखान्यांची नेटवर्के तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि या कामात झालेल्या बहुतेक चुका मी याच एका जागी झालेल्या पाहिल्या आहेत.

दुरून ओळख पटते ती कशामुळे, हे आधी पाहू. आयपी (पॅकेट पत्त्यावर पोचवण्याचे नियम) आणि टीसीपी (दोन यंत्रांतली जोडणी राखण्याचे नियम) यांची मूळ लेखी मानके, म्हणजे आरएफसी ७९१ आणि आरएफसी ७९३, सप्टेंबर १९८१ मधली आहेत. टीसीपीचे मानक २०२२ मध्ये आरएफसी ९२९३ या नावाने नव्याने बांधले गेले. या मानकांनी संभाषणाचे नियम घालून दिले, पण बारीकसारीक गोष्टी अंमलबजावणी करणाऱ्याच्या मर्जीवर सोडल्या: पॅकेट सोडताना टीटीएल किती ठेवायचा, पहिल्या उत्तरात विंडो (एका वेळी किती माहिती घेऊ शकतो तो आकडा) किती मोठी सांगायची, ऑप्शन (हेडरमधल्या जादा सूचना) कोणत्या क्रमाने मांडायचे, आणि ज्याला अर्थच नाही असे पॅकेट आले तर त्याला उत्तर द्यायचे की गप्प राहायचे. प्रत्येक कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, लिहिणाऱ्यांनी हे आपापल्या परीने ठरवले. एकच मजकूर दोन कारकुनांनी उतरवून काढला तर शब्द तेच राहतात पण वळण वेगळे दिसते, तसेच हे आहे. आपण वळण ओळखतो; मजकुरात ऑपरेटिंग सिस्टीमचे नाव कुठेही लिहिलेले नसते.

टीटीएलपासून सुरुवात करतो, कारण तुम्हीही तिथूनच केली आहे. लिनक्स, अँड्रॉइड, मॅकओएस, आयओएस आणि फ्रीबीएसडी हे सगळे पॅकेट सोडताना टीटीएल ६४ ठेवतात; विंडोज १२८ ठेवतो; सिस्कोचे राउटर आणि जुने सोलॅरिस २५५ ठेवतात. वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून एक वजा करतो. इंटरनेटवरच्या वाटासुद्धा सहसा तीस टप्प्यांच्या आतच संपतात, त्यामुळे हाती आलेल्या आकड्याच्या वरचा सर्वांत जवळचा मूळ आकडा धरला की सुरुवातीचा टीटीएल कळतो. ६३ म्हणजे ६४ वजा एक, इतका तुमचा तर्क बरोबरच आहे. पण ६४ या आकड्याने लिनक्स सिद्ध होत नाही, फक्त विंडोज बहुधा बाद होतो. शिवाय हा आकडा विंडोजच्या रजिस्ट्रीत किंवा लिनक्सच्या सेटिंगमध्ये एका ओळीने बदलता येतो. नाव सांगण्याच्या कामी टीटीएल दुबळा आहे, मात्र अंतर सांगण्याच्या कामी तो फार उपयोगी आहे, आणि तुमच्या प्रकरणाची किल्ली मला त्या अंतरातच दिसते. तिच्याकडे परत येतो.

खरी ओळख सिन आणि सिन-ॲक या पॅकेटांत असते, म्हणजे जोडणी सुरू करताना दोन्ही बाजू जे पहिले पॅकेट पाठवतात त्यांत. वायरशार्क हे पॅकेट दाखवणारे साधन उघडून एखाद्या लिनक्स यंत्राचे सिन पॅकेट नीट पाहा. टीसीपी हेडरच्या शेवटी ऑप्शन या क्रमाने दिसतील: एमएसएस (एका पॅकेटातील मजकुराची कमाल लांबी), सॅक (तुटक पोच देण्याची परवानगी), टाइमस्टँप (वेळेची खूण), नोप (नुसती भरणी), विंडो स्केल (विंडो किती पटींनी वाढवायची याची खूण). आता विंडोज १० चे पाहा: एमएसएस, नोप, विंडो स्केल, नोप, नोप, सॅक. विंडोज आपणहून जोडणी सुरू करताना सहसा टाइमस्टँप देतच नाही. मॅकवर क्रम आणखी निराळा असतो: एमएसएस, नोप, विंडो स्केल, मग दोन नोप आणि टाइमस्टँप, शेवटी सॅक आणि यादी संपल्याची खूण.

हा क्रम असा का, हे समजून घेतले की तो पाठ करावा लागत नाही. टीसीपीच्या हेडरची लांबी चार-चार बाइटांच्या घरांत मोजली जाते आणि ऑप्शनांची जागा अशा घरांत पूर्ण भरावी लागते. एमएसएस स्वतःच चार बाइटांचा असतो. विंडो स्केल तीन बाइटांचा, म्हणून त्याच्या अलीकडे एक बाइटाचा नोप ठेवून चार पुरे करतात. सॅकची परवानगी दोन बाइटांची असते, म्हणून विंडोज तिच्याआधी दोन नोप लावतो. लिनक्स लिहिणाऱ्यांनी मात्र दोन बाइटांचा सॅक आणि दहा बाइटांचा टाइमस्टँप शेजारी ठेवून बारा बाइट नेमके भरले, त्यामुळे तिथे एकही नोप वाया जात नाही. लिनक्सची बेरीज वीस बाइट होते, विंडोजची बारा, मॅकची चोवीस. कोणीतरी कधीकाळी केलेली ही काटकसर आज यंत्राची ओळख पटवते, कारण रजिस्ट्रीतला आकडा बदलणारा प्रशासकसुद्धा ऑप्शनांचा क्रम बदलायला जात नाही. तो बदलायचा तर कर्नलमध्ये हात घालावा लागतो. म्हणूनच टीटीएल आणि ऑप्शनांचा क्रम यांत विसंवाद आढळला तर मी क्रमाच्या बाजूने उभा राहतो.

विंडोच्या आकड्यावर पूर्वी बराच भर दिला जात असे. इथरनेटवर पॅकेटची कमाल लांबी १५०० बाइट, त्यातून आयपीचे वीस आणि टीसीपीचे वीस वजा केले की १४६० उरतात, आणि लिनक्सची सुरुवातीची विंडो या १४६० च्या पटीत येते. जुन्या २.६ मालिकेत ती ५८४० म्हणजे चौपट होती, पुढे १४६०० म्हणजे दहापट झाली, मग बरीच वर्षे २९२०० राहिली, आणि अलीकडच्या कर्नलमध्ये ती ६४२४० असते. त्यामुळे लिनक्सचे वय विंडोवरून बऱ्यापैकी सांगता येत असे. अडचण अशी की विंडोज १० सुद्धा अनेकदा ६४२४० च सांगतो. आकडा सारखा असला तरी स्केल पाहावे: लिनक्सवर ते बहुधा ७ असते, विंडोजवर ८. एमएसएस १४६० ऐवजी १४५२ दिसला तर त्यावरून ऑपरेटिंग सिस्टीमबद्दल काही ठरवू नये. वाटेत पीपीपीओई (ब्रॉडबँडची एक पद्धत) जोडणी असून तिचे आठ बाइट वजा झाले आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

आता एनमॅप काय करतो ते पाहू, कारण तुमचा गोंधळ त्याच्या कामाच्या पद्धतीतून आला आहे. एनमॅप १९९७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला, ऑपरेटिंग सिस्टीम ओळखण्याची सोय त्यात १९९८ मध्ये आली आणि आज आपण वापरतो ती दुसऱ्या पिढीची पद्धत २००६ पासूनची आहे. ही पद्धत जास्तीत जास्त सोळा पॅकेट पाठवते. त्यांपैकी सहा सिन पॅकेट एका उघड्या पोर्टवर शंभर मिलिसेकंदांच्या अंतराने जातात आणि त्यांच्या उत्तरांतून ऑप्शन, विंडो, आरंभीच्या क्रमांकांची वाढ आणि आयपी ओळखक्रमांकाची चाल तपासली जाते. काही विचित्र पॅकेटही त्याच उघड्या पोर्टवर जातात, उदाहरणार्थ एकही ध्वज (पॅकेटचा हेतू सांगणारी खूण) नसलेले. मानकाप्रमाणे उघड्या पोर्टने अशा पॅकेटाला उत्तर देऊ नये, पण विंडोज तिथेही रीसेट, म्हणजे जोडणी नाकारणारे पॅकेट, पाठवतो, आणि ही त्याची फार जुनी सवय आहे. उरलेल्या तपासण्या मात्र दुसरीकडे जातात: तीन पॅकेट एका बंद टीसीपी पोर्टवर, एक बंद यूडीपी (जोडणी न करता पाठवण्याची पद्धत) पोर्टवर आणि दोन पिंगच्या स्वरूपात.

म्हणजे एनमॅपचा ठसा, ओळखीच्या खुणांचा संच, वेगवेगळ्या दारांवर मिळालेल्या उत्तरांचा मिळून बनतो, आणि ती सगळी दारे एकाच घराची आहेत असे तो गृहीत धरतो. सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) यंत्रांच्या कारखान्यांत हे गृहीतक वारंवार मोडते. यंत्राचा पुरवठादार कंट्रोलरच्या (यंत्र चालवणाऱ्या संगणकाच्या) पुढे एक छोटा औद्योगिक राउटर बसवून देतो. यंत्राचा आतला पत्ता पुरवठादाराने ठरवलेला असतो आणि साऱ्या ग्राहकांकडे सारखाच असतो; बाहेरचा पत्ता कारखान्याचा असतो. प्रोग्रॅमच्या फाइली पाठवता याव्यात म्हणून पोर्ट ४४५ आत कंट्रोलरकडे वळवलेला असतो आणि पोर्ट ८० वर राउटरचे स्वतःचे सेटिंगचे पान असते. अशा पत्त्यावर ४४५ ला जाणारी पॅकेट कंट्रोलरपर्यंत पोचतात. पिंग, बंद पोर्ट आणि यूडीपी यांना राउटर स्वतः उत्तर देतो. निम्मा अर्ज एकाने आणि निम्मा दुसऱ्याने लिहिला तर अक्षर कोणाचे, याचे उत्तर कोणत्याही तज्ज्ञाला देता येणार नाही. एनमॅपलाही ते देता येत नाही, म्हणून तो पाच-सहा नावे पुढे ठेवतो. उघडा पोर्ट म्हणून ८० निवडला गेला तर सगळी उत्तरे राउटरची असतात आणि निकाल स्वच्छ लिनक्स येतो. स्कॅनमध्ये फक्त ४४५ तपासला आणि बंद पोर्टची उत्तरे फायरवॉलने गाळली, तर निकाल एक्सपीकडे झुकतो. किमान एक उघडा आणि एक बंद पोर्ट सापडला नाही तर निकाल विश्वासार्ह नसेल, अशी सूचना एनमॅप स्वतः छापतो. ती ओळ वाचायची सवय लावून घ्या, ती फार महत्त्वाची आहे.

त्या टक्केवारीबद्दलही इथेच सांगतो. ‘९४ टक्के’ म्हणजे ते यंत्र तेच असण्याची शक्यता ९४ टक्के, असा त्याचा अर्थ नाही. संग्रहातल्या एका ठशाशी ठरलेल्या गुणांपैकी ९४ टक्के गुण जुळले, एवढेच तो आकडा सांगतो. दोन यंत्रांच्या मिश्रणालाही असे भरघोस गुण मिळू शकतात, आणि मी व्यवस्थापनाच्या सादरीकरणात हा आकडा खात्री म्हणून मांडलेला पाहिला आहे. कृपया तसे करू नका.

माझा अंदाज खरा की खोटा, हे तुम्हाला दहा मिनिटांत पडताळता येईल. एनमॅपमध्ये प्रत्येक पोर्टच्या निकालाचे कारण दाखवण्याचा पर्याय आहे. तो दिला की पोर्टच्या नावासमोर कोणत्या प्रकारचे उत्तर आले आणि त्याचा टीटीएल किती होता हे छापले जाते. ८० आणि ४४५ हे दोनच पोर्ट घ्या आणि दोन टीटीएल शेजारी लिहा. मला अपेक्षा आहे की ८० वर पिंगसारखाच ६३ दिसेल आणि ४४५ वर १२६ दिसेल. ६४ मधून ६३ म्हणजे एक टप्पा. १२८ मधून १२६ म्हणजे दोन टप्पे. तुमच्या आणि शॉप फ्लोअरच्या विभागांमधला राउटर हा पहिला टप्पा, तो दोघांनाही समान आहे. दुसरा टप्पा फक्त ४४५ च्या उत्तराला लागला आहे, आणि तो टप्पा म्हणजेच पोर्ट ८० वर उत्तर देणारा छोटा राउटर. एकाच पत्त्यावरची दोन उत्तरे वेगवेगळ्या अंतरावरून आली की तिथे दोन यंत्रे आहेत, हे मानायला हरकत नाही.

आणखी एक पुरावा त्याच पॅकेटांत मिळेल. प्रत्येक आयपी पॅकेटला एक ओळखक्रमांक असतो. विंडोज एक्सपी तो सगळ्या पॅकेटांसाठी एकाच मोजणीतून एकेकाने वाढवत देतो, मग ते पिंगचे उत्तर असो की टीसीपीचे. लिनक्सच्या सिन-ॲकमध्ये तो शून्य असतो. ४४५ वर सावकाश पाच-सहा जोडण्या करा आणि मधूनमधून पिंग करा. ४४५ च्या उत्तरांतले क्रमांक एका ओळीत चढत गेले, पिंगच्या उत्तरांचे क्रमांक त्या ओळीत कुठेच बसले नाहीत आणि ८० च्या सिन-ॲकमध्ये शून्य आले, तर दोन वेगळ्या मोजण्या चालू आहेत. याच गुणधर्मावरून एका पत्त्यामागे दडलेली यंत्रे मोजता येतात हे स्टीव्हन बेलोविन यांनी २००२ मध्ये दाखवले होते. आजच्या कर्नलांनी हे क्रमांक विखुरले असल्यामुळे ती युक्ती नव्या यंत्रांवर फारशी चालत नाही, पण कारखान्यांत जुनी यंत्रे भरपूर असल्यामुळे आपल्याला ती अजून उपयोगी पडते.

आता ४४५ च्या मागचे यंत्र खरोखर एक्सपी आहे का? एनमॅपच्या सिनमध्ये सर्व ऑप्शन दिलेले असतात, म्हणून समोरच्याचे सिन-ॲक त्याच्या पूर्ण वळणानिशी मिळते. एक्सपीचे उत्तर असे दिसते: एमएसएस, नोप, विंडो स्केल शून्य, नोप, नोप, टाइमस्टँप, नोप, नोप, सॅक, आणि त्या टाइमस्टँपच्या जागी चक्क शून्य असतो. विंडोज ७ मध्ये स्केल ८ होते, सॅक आणि टाइमस्टँप लिनक्ससारखे शेजारी येतात, विंडो ८१९२ असते आणि टाइमस्टँपमध्ये खरा आकडा असतो. दोन्हींचा टीटीएल १२८ च असला तरी हा फरक डोळ्यांनी दिसतो. लक्षात ठेवा, सिन-ॲकमधले ऑप्शन हे समोरून काय मागितले गेले त्यावर अवलंबून असतात. साध्या ब्राउझरने केलेल्या जोडणीचे सिन-ॲक घेऊन त्याची एनमॅपच्या ठशाशी तुलना केली तर फसगत होते.

त्यापुढचा पुरावा वरच्या थरातला आहे. एक्सपीला एसएमबीची, म्हणजे ४४५ वरच्या फाइल देवाणघेवाणीच्या भाषेची, फक्त पहिली आवृत्ती येते. दुसरी आवृत्ती व्हिस्टापासून आली. पहिल्या आवृत्तीच्या संभाषणात समोरचे यंत्र आपली ओळख स्वतःच लिहून देते आणि एक्सपी तिथे ‘विंडोज ५.१’ असे लिहितो. नवी विंडोज यंत्रे प्रमाणीकरणाच्या पहिल्या फेरीत आपला बिल्ड क्रमांक सांगतात, तोही पासवर्ड देण्याआधीच. मात्र ६.१.७६०१ हा क्रमांक विंडोज ७ चा आणि सर्व्हर २००८ आर२ चा एकच आहे, तसाच १०.०.१७७६३ हा सर्व्हर २०१९ आणि विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीचाही एकच. एसएसएच या दुरून लॉगिन करण्याच्या सेवेचे पहिले वाक्य बहुतेक वेळा लिनक्सचे वितरण उबुंटू की डेबियन इथपर्यंत सांगते. ही सारी विधाने स्पष्ट शब्दांत असल्यामुळे आकर्षक वाटतात, पण ती पॅकेटच्या ठशाशी ताडूनच घ्यावीत. कंटेनर (एका यंत्रावर वेगळ्या कप्प्यात प्रोग्रॅम चालवण्याची सोय) हे याचे नेहमीचे उदाहरण आहे: आतले प्रोग्रॅम एका वितरणाचे असतात आणि कर्नल यजमानाचे असते, म्हणून दोन थर दोन नावे सांगतात आणि दोन्ही बरोबर असतात. लोड बॅलन्सर किंवा सीडीएन (मागण्या आधी स्वतः घेणारी मधली यंत्रे) यांच्या मागच्या सर्व्हरचा ठसा तर बाहेरून मिळतच नाही, कारण टीसीपीची जोडणी अलीकडच्या यंत्रावरच संपलेली असते. टीएलएस या जोडणी गुप्त ठेवणाऱ्या थराच्या ठशांचीही चर्चा बरीच होते, पण ते प्रामुख्याने ब्राउझर किंवा प्रोग्रॅम ओळखतात. शिवाय २०२३ पासून क्रोम आपल्या एक्स्टेन्शनांचा क्रम दर वेळी बदलतो.

इथे थोडे थांबून काळजीची गोष्ट सांगतो. दोनशे पत्त्यांवर एकदम पूर्ण स्कॅन सोडू नका. चाकणच्या एका कारखान्यात मी तरुणपणी तेच केले होते. डिस्पॅचच्या टेबलावरच्या लेबल प्रिंटरने माझी तपासणीची पॅकेटे छापायचा मजकूर समजून घेतली आणि निरर्थक अक्षरांची लेबले बाहेर पडू लागली. गाडी दारात उभी होती, रोल संपला, आणि कारण कळेपर्यंत माल थांबून राहिला. तिथल्या सुपरवायझरांचा त्रासलेला चेहरा मला अजून आठवतो. ९१०० या पोर्टवर जे येईल ते छापायचे, एवढेच असे प्रिंटर जाणतात. सेवांची आवृत्ती ओळखताना एनमॅप ९१०० ते ९१०७ हे पोर्ट आपणहून वगळतो ते याचसाठी, आणि मी त्या दिवशी ती मर्यादा उठवली होती. जुने पीएलसी (यंत्रे चालवणारे छोटे नियंत्रक) विचित्र ध्वजांच्या पॅकेटांनी अडकून पडू शकतात. तिथे नुकसान लेबलांच्या रोलवर थांबेल याची हमी नाही.

भोसरी-चाकणच्या कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते आणि त्या दिवशी स्कॅन करावा असे सहज वाटते. सक्रिय तपासणीसाठी गुरुवार चांगला आहे, पण त्या दिवशी निम्मी यंत्रे बंद असतात आणि यादी अपुरी राहते. म्हणून मी आधी आठवडाभर फक्त ऐकतो. मुख्य स्विचवर एक मिरर पोर्ट (जिथे साऱ्या पॅकेटांची प्रत मिळते) काढून घ्यावा आणि तिथे पॅकेट टिपणारा संगणक ठेवावा. पी-झिरो-एफ हे साधन मिखाल झालेव्स्की यांनी २००० मध्ये याच कामासाठी लिहिले. ते स्वतः एकही पॅकेट पाठवत नाही, येणाऱ्या-जाणाऱ्या सिन पॅकेटांचे वळण वाचून ओळख सांगते. त्याची तिसरी आवृत्ती २०१२ ची असल्यामुळे नव्या यंत्रांच्या खुणा तुम्हाला स्वतः भराव्या लागतील, पण वर सांगितलेला ऑप्शनांचा क्रम कळला असेल तर ते अवघड नाही.

ऐकण्यातून सर्वांत चांगली माहिती मला यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीतून मिळत आली आहे. पत्ता मागताना यंत्र आपल्याला आणखी काय काय हवे याची यादी ऑप्शन ५५ मध्ये देते आणि त्या यादीचा क्रम प्रत्येक प्रणालीचा ठरलेला असतो. ऑप्शन ६० मध्ये विंडोज ‘एमएसएफटी ५.०’ लिहितो, अँड्रॉइड बहुधा आपल्या नावासह आवृत्तीचा क्रमांक लिहितो आणि छोटी लिनक्स उपकरणे ‘यूडीएचसीपी’ लिहितात. कॅमेरे आणि असे छोटे राउटर मला याच खुणेने सापडतात. ज्यांना पत्ता हाताने दिलेला आहे ती यंत्रे मात्र इथे दिसत नाहीत, आणि शॉप फ्लोअरवर बहुतेक तशीच असतात. त्यांच्यासाठी मॅक पत्त्याचे (नेटवर्क कार्डाच्या क्रमांकाचे; ॲपलच्या मॅकशी याचा संबंध नाही) पहिले तीन बाइट पाहावेत. ते नेटवर्क कार्डाचा उत्पादक सांगतात, ऑपरेटिंग सिस्टीम सांगत नाहीत, पण औद्योगिक राउटरच्या उत्पादकाचे नाव तिथे निघाले तर तुमच्या प्रकरणातला निम्मा उलगडा तिथेच होईल. मॅक पत्ता त्याच विभागातून पाहावा लागतो, कारण राउटर ओलांडला की तो बदलतो. फोनच्या बाबतीत हा मार्ग आता बंद झाल्यासारखा आहे, कारण अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून ते प्रत्येक वाय-फायला बनावट मॅक पत्ता देतात.

परवानगीचेही पाहा. नेटवर्क कारखान्याचे असले तरी यंत्रावर पुरवठादाराचा देखभाल करार असतो आणि राउटर अनेकदा त्याचाच असतो. व्यवस्थापनाकडून लेखी परवानगी घ्या, तीत पत्त्यांची व्याप्ती आणि वेळ नमूद करा आणि मेन्टेनन्स विभागाला आदल्या दिवशी कळवा. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ आणि ६६ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणे व त्याचे काम बिघडवणे या गोष्टी येतात आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंत जाऊ शकते. नोकरीत नवीन असलेल्या माणसाने तर हा कागद हाती असल्याशिवाय काम सुरूच करू नये.

किती खात्री बाळगावी, या तुमच्या शेवटच्या भागाबद्दल मी इतके म्हणेन. विंडोज की युनिक्सच्या कुळातले, हे सिन-ॲकवरून मी जवळपास निःशंकपणे सांगतो, फक्त मधे कोणी नाही हे आधी ठरवलेले हवे. पिढी, म्हणजे एक्सपी की ७ की १०, बहुतेक वेळा सांगता येते. अँड्रॉइड आणि साधा लिनक्स यांत, किंवा आयफोन आणि मॅक यांत केवळ टीसीपीवरून फरक करायला मी धजत नाही, कारण त्यांचा पाया एकच आहे. नेमकी आवृत्ती आणि पॅच यांबद्दल पॅकेटच्या वळणावरून बोलू नये. तिथे यंत्राने स्वतः दिलेले विधान किंवा प्रत्यक्ष पाहणी हवी.

तुमच्या बाबतीत पाहणी टाळू नका, कारण विषय गंभीर आहे. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या ज्या दोषावर मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दुरुस्ती दिली, त्याच दोषातून १२ मे २०१७ ला वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला, आणि तो पसरला तो पोर्ट ४४५ वरूनच. एक्सपीसाठीची दुरुस्ती त्यानंतर निकडीने वेगळी काढावी लागली आणि अशा कंट्रोलरवर ती कोणी बसवली असेल असे मी धरून चालणार नाही. पिंगला ६३ आला म्हणून ‘लिनक्स’ अशी नोंद झाली असती, तर हे यंत्र धोक्याच्या यादीत कधीच आले नसते.

तेव्हा मेन्टेनन्सच्या माणसाला सोबत घेऊन त्या यंत्रामागचे कॅबिनेट उघडा. राउटरच्या पानावर पोर्ट वळवल्याचा तक्ता पाहा आणि आतल्या कंट्रोलरचा पत्ता टिपून घ्या. ४४५ फक्त प्रोग्रॅम पाठवणाऱ्या एकाच संगणकासाठी खुला ठेवा. हे राउटरवर जमत नसेल तर विभागाच्या फायरवॉलवर करा. नोंदवहीत त्या एका पत्त्यासाठी दोन ओळी लिहा, पहिली राउटरची आणि दुसरी त्याच्यामागच्या एक्सपीची, आणि प्रत्येक ओळीपुढे ओळख कशावरून पटली तेही लिहा: टीटीएल, सिन-ॲकचा क्रम, एसएमबीचे विधान की डोळ्यांनी पाहिलेला पडदा. उरलेल्या पत्त्यांमध्ये पिंगचा टीटीएल एक आणि उघड्या पोर्टचा दुसरा, असे आणखी किती आहेत ते त्यानंतर मोजा. अशी यंत्रे एकाच पुरवठादाराकडून घेतलेली असतात, तेव्हा हे एकटे नसावे.